फवारणीच्या आधी, फवारणीच्या नंतर

कोठी, सुलतान बाजार, इसामिया बाजार हा हैदराबादेतल्या मराठी वस्तीचा जुना पट्टा. मराठी ग्रंथ संग्रहालय याच भागातले, आणि इथल्या कितीतरी घरांचे मूळ गाव नांदेड, परभणी, बीड किंवा आदिलाबादकडचे. १९५६ पर्यंत मराठवाडा, आदिलाबाद आणि वरंगल एकाच राज्यात होते. पुढे सीमा बदलल्या, पण कापसाची काळी जमीन, तिच्यावर येणारी कीड आणि त्या किडीवर मारली जाणारी औषधे दोन्ही बाजूंना सारखीच राहिली. शिवाय या औषधांशी संबंधित अनेक केंद्रीय संस्था याच शहरात आहेत. वनस्पती संरक्षणाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था राजेंद्रनगरला १९६६ मध्ये सुरू झाली. तीच आज राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था म्हणून ओळखली जाते. कृषी सेवा केंद्रांच्या चालकांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालवणारी 'मॅनेज' ही संस्थाही राजेंद्रनगरचीच. तारनाक्याला भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे आणि तिथेच अन्नातल्या घटकांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कृषिरसायने देशात कशी बनवावीत इथपासून ती ताटात किती उतरतात इथपर्यंतचे संशोधन एका शहरात होते.

इतके असूनही एक भाग कायम मागे राहिला आहे. वाद झाले ते मुख्यतः कोणते औषध बाजारात असावे आणि कोणते नसावे यावर. औषध शेतात पोहोचल्यावर ते कसे मोजले, कुठे कालवले, पंप कुठे धुतला, उरलेले द्रावण कुठे ओतले, डब्याचे काय झाले, हा सगळा भाग 'शेतकऱ्याने काळजी घ्यावी' या एका वाक्यात गुंडाळला गेला. उपलब्ध पुरावा तपासला तर ओढ्याचे, विहिरीचे, माशांचे आणि मधमाश्यांचे बरेचसे नुकसान याच दुर्लक्षित मिनिटांत होत असावे असे दिसते. त्या मिनिटांची जबाबदारी आजच्या व्यवस्थेत जवळजवळ एकट्या वापरणाऱ्यावर आहे, आणि ती तशी ठेवून प्रश्न सुटणार नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते पटते की नाही हे ठरवण्याआधी पार्श्वभूमी आणि निरनिराळ्या भूमिका पाहायला हव्यात.

कायद्याची वाट

आपला कायदा एका दुर्घटनेतून जन्मला, आणि ती दुर्घटना हाताळणीचीच होती. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. विषारी औषध आणि धान्य यांची वाहतूक एकत्र झाली होती. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. या कायद्याने औषधाची नोंदणी, उत्पादकाचा आणि विक्रेत्याचा परवाना, लेबल आणि नमुना-तपासणी अशी चौकट उभी केली. डब्यावर दिसणारा रंगीत त्रिकोण याच नियमांतला: लाल, पिवळा, निळा आणि हिरवा, उतरत्या विषारीपणाच्या क्रमाने.

हा त्रिकोण उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा क्वचितच सांगितली जाते. रंग ठरतो तो उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवरच्या तीव्र विषबाधेच्या चाचणीवरून, म्हणजे औषध पोटात गेले किंवा त्वचेला लागले तर किती मात्रा प्राणघातक ठरते यावरून. माशांना, मधमाश्यांना किंवा गांडुळांना ते औषध किती घातक आहे, ते पाण्यात किती दिवस टिकते, जमिनीत किती खोल झिरपते, यातले काहीही त्या रंगात नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे माणसाला तुलनेने कमी घातक असली तरी माशांच्या बाबतीत अत्यंत विषारी आहेत. निळा त्रिकोण पाहून तलावाकाठी निर्धास्त फवारणारा शेतकरी लेबलाचा चुकीचा अर्थ लावत नसतो. लेबलानेच त्याला अर्धी गोष्ट सांगितलेली असते.

त्यानंतरचा इतिहास बराचसा बंद्यांचा आहे. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये थांबला, बीएचसी १९९७ मध्ये बंद झाले. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या सरकारी मळ्यांवर १९७८ पासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले; त्याच्या परिणामांवरचा लढा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीपर्यंत पोहोचला. परदेशात बंद असलेल्या पण इथे चालू असलेल्या ६६ औषधांचा फेरविचार करण्यासाठी अनुपम वर्मा समिती २०१३ मध्ये नेमली गेली. २०१८ मध्ये त्यातली १८ टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश निघाला. २०२० मध्ये आणखी २७ औषधांच्या बंदीचा मसुदा आला, पण २०२३ च्या अखेरच्या आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल आणि मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण एवढ्यांवरच शिक्का बसला. दरम्यान नव्या कायद्यासाठी २०२० मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले आणि २०२१ च्या डिसेंबरात समितीचा अहवाल आला. तरीही कारभार १९६८ च्याच चौकटीत चालत राहिला.

एक ग्रॅम आणि एक कोटी लिटर

फवारलेले औषध लक्ष्य सोडून तीन वाटांनी जाते. पहिली वाट वाऱ्याची. थेंब जितका बारीक तितका तो दूर उडतो. पोकळ शंकूच्या नोझलमधून जास्त दाबाने फवारले की धुके तयार होते. ते पानाला चिकटण्याआधी शेजारच्या बांधावर, ओढ्यावर, फुललेल्या सूर्यफुलावर जाते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट आणि उष्ण, औषधांची वाटेल तशी केलेली मिश्रणे आणि गावात 'चायना पंप' म्हणून ओळखले जाणारे जोरकस फवारे, अशी कारणे पुढे आली. चर्चा माणसांच्या मृत्यूची झाली आणि ते योग्यच होते. पण जे धुके फवारणाऱ्याच्या नाकातोंडात गेले तेच शिवारभर पसरले होते. माणसाचे संरक्षण आणि पर्यावरणाचे संरक्षण हे इथे दोन वेगळे विषय राहत नाहीत.

दुसरी वाट पावसाच्या पाण्याची. काळ्या जमिनीचे यात स्वतःचे गणित आहे. तिच्यातली चिकणमाती अनेक औषधांना घट्ट धरून ठेवते, म्हणून ती खाली झिरपत नाहीत असा समज आहे आणि तो अर्धा खरा आहे. उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी मातीतून गाळून न जाता भेगांतून सरळ खाली उतरते. पायरेथ्रॉइडसारखी मातीला चिकटणारी औषधे धुपणाऱ्या मातीबरोबर नाल्यात जातात, तर इमिडाक्लोप्रिडसारखी पाण्यात सहज विरघळणारी औषधे पाण्याबरोबरच जातात. कपाशीचे बियाणे इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया होऊनच पाकिटात येते, त्यामुळे पहिल्या फवारणीआधीच औषध जमिनीत पोहोचलेले असते.

तिसरी वाट सांडण्याची, धुण्याची आणि टाकून देण्याची. हिच्याकडे लक्ष गेले ते युरोपात. लहान नद्यांच्या खोऱ्यांत केलेल्या अभ्यासांत असे आढळले की नदीतल्या कीटकनाशकांपैकी मोठा वाटा, काही ठिकाणी निम्म्याहून अधिक, शेतातून वाहून आलेला नसतो. तो पंप भरण्याच्या आणि धुण्याच्या जागेवरून आलेला असतो. एवढ्याशा चुकीचा एवढा परिणाम कसा, हे साध्या हिशेबाने कळते. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे बाटलीबंद पाण्याच्या मानकातही हीच मर्यादा आहे. म्हणजे एक ग्रॅम क्रियाशील घटक एक कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. न धुतलेल्या डब्याच्या तळाला आणि कडांना दहा मिलिलिटर द्रावण चिकटून राहिले आणि त्यात ३६ टक्के क्रियाशील घटक असला, तर ते साडेतीन ग्रॅमच्या घरात जाते. तो डबा ओढ्यात विसळला तर साडेतीन कोटी लिटरांचा प्रश्न उभा राहतो. औषध सूर्यप्रकाशाने, जिवाणूंनी विघटित होते, गाळात बसते, हे सगळे मान्य केले तरी प्रश्न क्षुल्लक ठरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. युरोपातले निष्कर्ष फरसबंद अंगणात ट्रॅक्टरचा फवारा भरणाऱ्या मोठ्या शेतकऱ्याचे आहेत. अंगणातले पाणी थेट गटारात आणि तिथून नदीत जाते. आपला शेतकरी बांधावर, मातीवर पंप भरतो, माती औषध शोषून घेते, तेव्हा तुलना कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण दुसरी बाजूही पाहावी. मोठा फवारा दिवसातून चार-दोन वेळा भरला जातो. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप एकरी दीडशे ते दोनशे लिटर पाण्यासाठी दहा-बारा वेळा भरावा लागतो. प्रत्येक वेळी झाकणाने औषध मोजायचे, काडीने ढवळायचे, ओतायचे. आणि भरण्याची जागा ठरते ती पाण्याच्या सोयीने: विहिरीचा काठ, ओढा, शेततळे, कालव्याची पायरी. सांडण्याचे प्रसंग जास्त आणि पाणी जवळ असेल तर माती शोषून घेण्याआधीच ते पाण्यात पोहोचते. युरोपचे टक्के इथे लावता येणार नाहीत, पण तिसरी वाट इथे अरुंद आहे असे मानायलाही आधार नाही. आपल्याकडे ती मोजलीच गेलेली नाही, हे याहून महत्त्वाचे.

बंदी, शिस्त, त्याग, यंत्र

या प्रश्नावर आज चार भूमिका ठळकपणे मांडल्या जातात. पहिली बंदीची. अतिविषारी औषध हे गरीब, उष्ण आणि लहान शेतीच्या देशात सुरक्षितपणे हाताळता येतच नाही. तेव्हा ते बाजारातून काढणे हाच उपाय, असे ती सांगते. मोनोक्रोटोफॉसची कहाणी तिच्या बाजूने साक्ष देते. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात या औषधाने हजारो स्थलांतरित स्वेन्सन ससाणे मेले. आपल्याकडे भाजीपाल्यावर ते २००५ मध्ये बंद झाले, पण कपाशीसाठी बाजारात राहिले, आणि एकाच दुकानात एकाच बाटलीत मिळणारे औषध कपाशीवर गेले की भेंडीवर हे तपासायची सोय कुणाकडेच नव्हती. अर्धवट बंदीला अंमलबजावणीचे यंत्र लागते. पूर्ण बंदीला निदान कमी लागते. या भूमिकेची कमजोरी अशी की बंद झालेल्या औषधाची जागा दुसरे घेते, आणि ते माणसाला सौम्य असले तरी मधमाशीला असेलच असे नाही. युरोपाने २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड औषधे उघड्या शेतात वापरायला मनाई केली. ती औषधे मुळात जुन्या घातक औषधांना पर्याय म्हणूनच वाढली होती.

दुसरी भूमिका उद्योगाची आणि बऱ्याच प्रमाणात कृषी खात्याचीही: औषध दोषी नाही, वापर चुकीचा आहे, प्रशिक्षण द्या, हातमोजे-मुखपट्टी द्या, शिफारशीप्रमाणे मात्रा वापरा. तिच्या जोडीला आकडा येतो तो दर हेक्टरी वापराचा. भारताची सरासरी किलोच्या बरीच खाली आहे आणि चीन-जपानच्या तुलनेत नगण्य आहे. आकडा खोटा नाही. मात्र ज्वारी-बाजरीची, हरभऱ्याची, जवळजवळ न फवारलेली कोरडवाहू जमीन या सरासरीत मोजलेली आहे. प्रत्यक्षात वापर कापूस, मिरची, भात, भाजीपाला आणि द्राक्ष या पिकांत आणि ठरावीक पट्ट्यांत एकवटतो. तेलंगणाचा कापूस-मिरचीचा पट्टा त्यात येतो. ओढ्यातल्या माशाला देशाच्या सरासरीचा उपयोग नसतो.

प्रशिक्षणाच्या मुद्द्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. शेतकऱ्याचा खरा सल्लागार कृषी सहायक नसून कृषी सेवा केंद्राचा दुकानदार असतो, हे ओळखून 'मॅनेज'ने २००३ मध्ये दुकानदारांसाठी पदविका सुरू केली आणि पुढे नियमांतही विक्रेत्याच्या शिक्षणाची अट आली. दिशा बरोबर आहे. अडचण अशी की सल्ला देणाऱ्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून असते. उधारीवर माल देणारा दुकानदार 'या आठवड्यात फवारू नका' असे किती वेळा सांगेल? डॉक्टर आणि औषधविक्रेता एकच असू नये हे आपण माणसाच्या बाबतीत मानतो. पिकाच्या बाबतीत ती फारकत अजून झालेली नाही. दुसरी अडचण साधनांची. एप्रिल-मे नव्हे, ऑगस्टच्या दमट उन्हातही रबरी पोशाख घालून चार तास पंप पाठीवर वागवता येत नाही. वापरता न येणारी साधने वाटून 'दिली होती, वापरली नाहीत' अशी नोंद करणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

तिसरी भूमिका कीटकनाशकाविना शेतीची, आणि तिची प्रयोगशाळा तेलुगू प्रदेशच राहिला आहे. १९९७-९८ मध्ये वरंगलच्या कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. त्याच शहराच्या महात्मा गांधी रुग्णालयात १९९७ ते २००२ या काळात कीटकनाशकांच्या विषबाधेचे ८,०४० रुग्ण दाखल झाल्याची नोंद आहे. त्यांत मोठा भाग आत्महत्येच्या प्रयत्नांचा होता, तेव्हा ते आकडे फवारणीतल्या विषबाधेचे म्हणून वापरणे चूक ठरेल. पण घराघरांत विष सहज उपलब्ध असणे हा धागा दोन्हीकडे आहे. या पार्श्वभूमीवर खम्मम जिल्ह्यातल्या पुनुकुला या गावाने कीटकनाशके सोडली, वरंगल भागातल्या येनबावी या गावाने रासायनिक शेतीच सोडली. सिकंदराबादच्या सेंटर फॉर सस्टेनेबल ॲग्रिकल्चरसारख्या संस्थांनी खोल उन्हाळी नांगरट, कामगंध सापळे, पक्षीथांबे, पिवळे चिकट सापळे, एरंडी आणि झेंडूची सापळा पिके, पाच टक्के निंबोळी अर्क अशी पद्धत बांधली आणि पुढे ग्रामीण दारिद्र्य निर्मूलनाच्या सरकारी संस्थेने ती महिला बचत गटांमार्फत लाखो शेतकऱ्यांपर्यंत नेली. जे विष शेतात येतच नाही त्याचा डबा धुवावा लागत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने याहून स्वच्छ उत्तर नाही.

आक्षेप उत्पादनाचा येतो, आणि श्रीलंकेचे उदाहरण दिले जाते. तिथे २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खते-कीटकनाशकांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मागे घ्यावी लागली. ते उदाहरण घाईच्या विरोधात आहे. आंध्र-तेलंगणातला प्रयोग गावोगाव, गटागटाने, वर्षानुवर्षे वाढला. त्याची खरी मर्यादा वेगळी आहे. तो गटाच्या आणि कार्यकर्त्याच्या बळावर चालतो, ते बळ कमी झाले की शेतकरी पुन्हा दुकानाकडे वळतो. शिवाय बीटी कापसाचा अनुभव सांगतो की कीड स्वस्थ बसत नाही. २००२ मध्ये बीटी आल्यावर बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या. पुढे रस शोषणारे किडे वाढले आणि गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम झाली. के. आर. क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार कापूस उत्पादकाचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटीपूर्व काळापेक्षाही वर गेला. जे बियाण्याच्या बाबतीत घडले ते कोणत्याही एकाच उपायाच्या बाबतीत घडू शकते. म्हणूनच १९८५ पासून सरकारी धोरणात असलेली एकात्मिक कीड व्यवस्थापनाची पद्धत, म्हणजे आधी शेत पाहणे, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारणे, अजूनही बहुतेक शास्त्रज्ञांना मधला मार्ग वाटते. महाराष्ट्रात २००९ पासून क्रॉपसॅप प्रकल्पातून कीड-सर्वेक्षण करून सल्ले दिले जातात ते याच विचाराने.

चौथी भूमिका यंत्राची, आणि सध्या तिचा बोलबाला आहे. ड्रोन फवारणीची कार्यपद्धती केंद्राने २०२१ च्या डिसेंबरात जाहीर केली, २०२३ मध्ये महिला गटांना १५,००० ड्रोन देण्याची योजना आली, राजेंद्रनगरच्या कृषी विद्यापीठातही ड्रोनवर काम झाले. माणूस धुक्यातून बाहेर पडतो हा मोठा फायदा. पण ड्रोन हेक्टरी वीस-पंचवीस लिटर पाण्यातच काम उरकतो. म्हणजे द्रावण कितीतरी पटींनी तीव्र, थेंब बारीक आणि सुटतात ते पिकाच्या वरून. एकरा-दोन एकरांच्या तुकड्यांत, एका बाजूला रेशमासाठी तुती आणि दुसऱ्या बाजूला मधाच्या पेट्या असताना, नियमातले सुरक्षित अंतर सोडले तर शेतच उरत नाही. कासरगोडच्या हेलिकॉप्टरशी ड्रोनची बरोबरी करणे अन्यायाचे आहे, पण उडून जाणाऱ्या थेंबांचे मोजमाप इथल्या परिस्थितीत पुरेसे झाले आहे असेही म्हणता येत नाही.

रिकामा डबा

चारही भूमिका फवारणीच्या क्षणाभोवती थांबतात. त्यानंतरचे काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डबा. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते आणि ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेल्याचे पुढे आले. १९७१ च्या नियमांतला ४४ वा नियम हेच टाळण्यासाठी आहे. उरलेले औषध, धुवण आणि रिकामी वेष्टने पाणी दूषित होणार नाही अशी विल्हेवाट लावावी, डबे उघड्यावर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे तो सांगतो. आणि ही जबाबदारी उत्पादकावर तशीच वापरणाऱ्यावरही टाकतो.

नियम लिहिला गेला तेव्हा डबे पत्र्याचे आणि काचेचे होते. आज ते जाड प्लास्टिकचे आहेत, आणि शंभर मिलिलिटरच्या बाटल्या व पाकिटे यांचा सुळसुळाट आहे. एक नियम म्हणतो पुरा. प्लास्टिक कचऱ्याचे २०१६ चे नियम आणि त्यातली उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची तरतूद म्हणते गोळा करून पुनर्वापर करा. घातक कचऱ्याचे नियम विषारी रसायनाने माखलेल्या डब्याला घातक मानतात, पण त्यांची यंत्रणा कारखान्यांसाठी आहे, बांधासाठी नाही. तीन नियमांच्या मधल्या फटीतून डबा भंगारवाल्याकडे जातो, किंवा बांधावर जळतो, किंवा घरात पाणी भरायला येतो. शेतकरी नियम मोडतो असे म्हणण्याआधी त्याने नेमका कोणता पाळावा हे सांगायला हवे.

ब्राझीलने यावर उत्तर काढले. २००० च्या कायद्याने तिथे शेतकऱ्याने डबा तीनदा धुऊन परत करायचा, विक्रेत्याने जमा करण्याची जागा द्यायची आणि उत्पादकाने तो उचलून नष्ट करायचा अशी वाटणी केली. उत्पादकांनी मिळून उभारलेल्या संस्थेमार्फत तिथे औषधाच्या थेट संपर्कातल्या प्लास्टिक डब्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परत येतात. तिथली शेते अफाट आणि डबे मोठे, तेव्हा इथे ते जमणार नाही, हा आक्षेप निम्मा खरा आहे: वीस लिटरचा डबा परत आणणे शंभर मिलिलिटरच्या बाटलीपेक्षा सोपे. पण दूध-सोड्याच्या काचेच्या बाटल्यांची अनामत आपल्याकडे लहान दुकानांतूनच वर्षानुवर्षे चालली. अडते ते पैशाच्या वाटणीवर, भूगोलावर नाही.

तीनदा धुण्याला तर कुठलीच योजना लागत नाही. डबा रिकामा झाला की एक चतुर्थांश पाणी भरायचे, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचे आणि ते पाणी पंपातच ओतायचे, असे तीनदा. चिकटलेल्या औषधापैकी ९९ टक्क्यांहून अधिक निघते, पैसे दिलेले औषध पिकावरच जाते, आणि विसळायला ओढ्यावर जायची गरज उरत नाही. मात्र हे पंप भरतानाच करावे लागते, औषध वाळल्यावर उपयोग नाही. पंप धुतलेले पाणीही त्याच शेतात फवारून संपवता येते. जिथे बरेच पंप एकत्र धुतले जातात तिथे स्वीडनमध्ये १९९३ पासून 'बायोबेड' वापरतात: खाली चिकणमातीचा थर, वर निम्मा पेंढा आणि उरलेल्यात पीट व माती, सगळ्यांत वर गवत, पेंढ्यावर वाढणारी बुरशी औषधाचे विघटन करते. पीटच्या जागी आपल्याकडे शेणखत किंवा काथ्याचा भुसा चालेल का, आपल्या मुसळधार पावसात तो खड्डा भरून वाहू लागला तर काय, हे प्रश्न तपासण्याजोगे आहेत. मिरचीच्या गावांत पाणवठ्यापासून दूर अशी एखादी सामायिक जागा करणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले काम आहे.

शहराचा हिस्सा

कोठीच्या वाचकाने हे सगळे खेड्याचे दुखणे समजू नये. डासांसाठीचा धूर आणि वाळवीसाठी पायाभोवती छिद्रे पाडून ओतले जाणारे क्लोरपायरिफॉस याच कायद्याखाली येतात, आणि ज्या इमारतीची बोअरवेल चार हातांवर असते तिथे प्रश्नही तेच असतात. कोठीच्या दक्षिणेकडून वाहणारी मुसी विकाराबादच्या अनंतगिरी टेकड्यांत उगवते, १९२० च्या उस्मानसागरात थांबते, शहरातून जाते आणि नलगोंड्याकडे भातशेती भिजवत वाडपल्लीला कृष्णेला मिळते. उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्याभोवतीच्या दहा किलोमीटरला संरक्षण देणारा १९९६ चा आदेश क्रमांक १११ आणि २०२२ मध्ये त्यात झालेला बदल यांवर शहरात पुष्कळ वाद झाला. तो वाद कारखाने आणि वसाहतींचा होता. त्याच क्षेत्रातल्या शेतांत काय फवारले जाते, हा विषय त्यात जवळजवळ आलाच नाही.

काय बाकी आहे

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची. अन्नातले अंश आपण मोजतो. २००३ मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांवर गदारोळ झाला, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, मानके आली. त्याच सुमारास युरोपाने द्राक्षे नाकारल्यावर नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी फवारणीच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली नमुने तपासूनच माल जाऊ लागला. गिऱ्हाईक अडले की व्यवस्था हलते, याचा हा पुरावा. पण ही व्यवस्था खाणाऱ्याला जपते. काढणीआधीचे ठरलेले दिवस पाळले की द्राक्ष स्वच्छ ठरते. त्या बागेखालच्या ओढ्याचा नमुना कुणी मागत नाही. फवारणीच्या हंगामात, पावसानंतर लगेच, लहान ओढ्यांतून नियमित नमुने घेतल्याशिवाय तीन वाटांपैकी कोणती किती रुंद आहे हे कळणार नाही आणि पैसा कुठे घालावा हेही ठरणार नाही.

दुसरा अनिर्णित प्रश्न तणनाशकांचा. २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरावे असा आदेश काढला. तणनाशक सहन करणारे बेकायदा कापूस बियाणे शेतांत पसरलेले असताना आणि निंदणीला मजूर मिळत नसताना हा आदेश पाळला जाईल अशी अपेक्षा फार थोड्यांना होती. बाटली दुकानात खुली आणि वापर मात्र परवानाधारकालाच, ही रचना मोनोक्रोटोफॉसच्या अर्धवट बंदीची आठवण करून देते.

तिसरा प्रश्न फवारणाऱ्या माणसाचा. कायद्यात उत्पादकाला नोंदणी लागते, विक्रेत्याला परवाना आणि आता शिक्षण लागते, शहरातल्या कीडनियंत्रण व्यावसायिकाला परवाना लागतो, ड्रोन उडवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते. रोजाने पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराला काहीच लागत नाही. यवतमाळच्या बळींत असे मजूर होते. तेलंगणात २०१८ पासूनच्या रयतू बंधू योजनेत जमीनधारकाला मदत मिळाली आणि कूळ म्हणून कसणारा बाहेर राहिला. प्रशिक्षण आणि संरक्षक साधनेही सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या नोंदीवरून वाटली तर ती प्रत्यक्ष फवारणाऱ्यापर्यंत पोहोचणार नाहीत. युरोपाने २००९ च्या निर्देशाने व्यावसायिक वापरासाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि फवारणी यंत्रांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे तसे प्रमाणपत्र सक्तीचे केले तर मजुराला एका दिवसाच्या प्रशिक्षणाबरोबर थोडी जादा मजुरी मागण्याचा आधार मिळेल, असे एका बाजूचे म्हणणे. कागद नाही म्हणून त्यालाच दंड होईल आणि मालक सुटेल, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि प्रमाणपत्राचा खर्च औषध विकणाऱ्याने द्यायचा की सरकारने, यावर त्यांतली कोणती प्रत्यक्षात येईल ते बरेचसे ठरेल.